सामुराई चाम्पलू परत बघतोय, पण शेवटच्या तीन भागांपाशी अडलोय

अर्धवट_रोनिन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात तापाने आठवडाभर आडवा होतो, नवीन काही बघायचं त्राण नव्हतं म्हणून म्हटलं ओळखीचं काहीतरी लावून पडून राहू, तर सामुराई चाम्पलू ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन सीरिज) लावली. २००४ ची, २६ भागांची, काउबॉय बीबॉपवाल्या शिनइचिरो वातानाबेची. कॉलेजात रूममेटच्या हार्ड डिस्कवरून दोन रात्रींत फडशा पाडला होता आणि पुढे कित्येक वर्षं कुणी आवडती ॲनिमे विचारली की हेच नाव तोंडात यायचं. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी: एदो काळातला जपान, चहाच्या दुकानात राबणारी फू नावाची पोरगी, र्‍युक्यूकडचा (म्हणजे दक्षिणेच्या बेटांवरचा) रासवट मुगेन आणि चष्मेवाला, शिस्तीचा रोनिन, म्हणजे बिनमालकाचा सामुराई, जिन. हे दोघं पहिल्याच भागात एकमेकांच्या जिवावर उठतात, पकडले जातात, फू त्यांना मरणातून सोडवते आणि बदल्यात कबूल करून घेते की सूर्यफुलांचा वास येणारा सामुराई शोधून द्यायचा, तोवर एकमेकांना मारायचं नाही. बस, एवढीच गोष्ट. मागे हिप-हॉप वाजतं आणि सीन बदलताना रेकॉर्ड घासल्यासारखा आवाज येतो.

आता गंमत बघा. माझ्या आठवणीत ही सीरिज म्हणजे सलग मारामारी होती. मुगेन हातांवर उलटा होऊन लढतोय, जिन एका फटक्यात तिघांना आडवं करतोय, असंच सगळं. प्रत्यक्षात बघतो तर निम्मा वेळ हे तिघं उपाशी आहेत! खिशात दमडी नाही, पायपीट चाललीये, कुणीतरी काहीतरी काम देतं, ते फिसकटतं, परत पायपीट. आणि मारामाऱ्या मला वाटायच्या तशा लांबलचक नाहीतच, बऱ्याचशा पापणी लवायच्या आत संपतात, डोक्यात मात्र त्या दहा-दहा मिनिटांच्या होऊन बसल्यात.

दुसरं म्हणजे वयं. मुगेन १९ चा, जिन २० चा, फू तर १५ ची. तेव्हा मला हे दोघं मोठे दादा वाटायचे राव, जगाचा अनुभव घेतलेले वगैरे. आता बघताना सारखं वाटत होतं की अरे ही पोरं आहेत, यांना कुणीतरी दोन घास खायला घाला आणि झोपवा.

आणि एक बारीकशी गोष्ट. मुगेनच्या मनगटांवर आणि घोट्यांवर निळे पट्टे आहेत बघा. कॉलेजात असताना मी ते स्टाईल म्हणून घेतले होते, कडं घालतात तसं काहीतरी. या वेळी ताप असल्यामुळे भाग पॉझ करून करून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की ते गोंदलेलं आहे. मग थोडं वाचलं तर कळलं की एदो काळात गुन्हेगाराच्या हातावर असे पट्टे गोंदायचे, म्हणजे माणूस कुठेही गेला तरी बाही वर केली की कळावं याने काय केलंय. बाही नसलेले कपडे घालून हा माणूस देशभर हिंडतोय, लपवत काहीच नाहीये. सीरिजमध्ये यावर कुणी भाषण ठोकत नाही. नुसतं दिसत राहतं.

तर प्रश्न असा. २३ वा भाग, तो बेसबॉलवाला, संपवला आणि थांबलो. शेवटचे तीन भाग आठवणीत फार कडवट आहेत. एवढे सगळे सोबत फिरले, एकमेकांसाठी रक्त सांडलं, आणि शेवटी एका चौकात येतात आणि तीन दिशांना चालायला लागतात. परत भेटू नाही, कुठे चाललास नाही, काही नाही. तेव्हा इतका वैतागलो होतो की रूममेटशी भांडलो होतो, जणू शेवट त्यानेच लिहिला होता. आता बाकी सीरिज इतकी वेगळी लागलीये तर शेवटाला हात लावायची भीती वाटतेय. तुमच्यापैकी कुणी परत बघितलीये का? शेवट टिकतो का? आणि मी तेव्हा संथ म्हणून ढकललेले भाग (११, २०, २१ आणि काय काय) नीट बघावेत का?

शाईचा_डाग

छान धागा. बघाच शेवट, पण मधल्या भागांत लपलेलं एक सूत्र धरून बघा, म्हणजे शेवट अचानक आल्यासारखा वाटणार नाही.

फूचा बाप, म्हणजे तो सूर्यफुलांच्या वासाचा सामुराई, हा शिमाबाराच्या उठावाशी जोडलेला ख्रिश्चन आहे. तो उठाव खराखुरा, १६३७-३८ चा. मात्सुकुरा घराण्याच्या अंमलाखाली शेतकरी करांनी पिचलेले, वर ख्रिश्चनांचा छळ, शेवटी हजारो माणसं हारा नावाच्या पडीक किल्ल्यात जाऊन बसली, पुढारी कोण तर आमाकुसा शिरो नावाचा कोवळा पोरगा. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, फौजेने वेढा घातला, डच जहाजाने समुद्रातून तोफा डागल्या, आणि किल्ला पडल्यावर आतल्या जवळजवळ सगळ्यांची कत्तल. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना हाकललं आणि १६४१ मध्ये डचांना नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या एवढ्याशा बेटावर नेऊन बसवलं. जे ख्रिश्चन उरले ते लपले. वरून बौद्ध, आत प्रार्थना चालू, आणि हे एक-दोन वर्षं नाही, सव्वादोनशे वर्षं. १८६५ मध्ये नागासाकीतल्या नव्या चर्चात काही गावकरी येऊन फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले की आम्हीही तुमच्यातलेच, तेव्हा जगाला कळलं.

हे तिघं शेवटी जिथे पोचतात ते इकित्सुकी बेट हेही खरं आहे आणि लपलेल्या ख्रिश्चनांच्या परंपरेसाठीच ओळखलं जातं. आता मागे जाऊन बघा, १९ व्या भागात फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारकाचा वंशज म्हणवणारा एक भोंदू येतो आणि भाविकांकडून बंदुका बनवून घेतो. तेव्हा तुम्हाला तो विनोदी भाग वाटला असेल, मलाही वाटला होता. पण बंदी घातलेल्या श्रद्धेवर कोण कोण आपली पोळी भाजून घेतं हे तिथे दाखवून झालंय.

सालावळी जुळवायला जाऊ नका, वेड लागेल. ५ व्या भागात चित्रकार हिशिकावा मोरोनोबू भेटतो, तो १६९४ ला वारला. ज्याच्यावरून ६ व्या भागातला डच माणूस बेतलाय तो इसाक टिट्सिंग जपानात पोचला १७७९ ला. बेसबॉल खेळणारे अमेरिकन तर त्याच्याही नंतरचे. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच पाटी येते की हे इतिहासाला धरून नाही आणि आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. तरी माझं मत असं की साल चुकीचं असलं तरी माणूस बरोबर निवडलाय. मुगेन र्‍युक्यूचा, म्हणजे ज्या राज्यावर सात्सुमा या जपानी सरदारांच्या संस्थानाने १६०९ ला चढाई करून अंमल बसवला तिथला. जिन बिनमालकाचा. फूचा बाप बंदी घातलेल्या धर्माचा. वाटेत भेटतात ते खिसेकापू, वेश्या, परदेशी, आंधळ्या गायिका. शोगुनच्या वहीत ज्यांच्यासाठी ओळच नाही अशी सगळी माणसं.

अवांतर: सूर्यफूल हे मुळात अमेरिका खंडातलं झाड, जपानात बाहेरून आलेलं. म्हणजे ज्या वासाचा माग काढत हे देशभर फिरतात तो वासच परका आहे. लिहिणाऱ्यांनी ठरवून केलं का माहीत नाही, पण मला हे फार आवडतं.

उलट्या_धारेचा

संथ भाग ढकलले म्हणे! अहो आम्ही रुरौनी केनशिनवाले. १९९६ ची सीरिज, टीव्हीवर ९४ भाग, ६२ व्या भागाला क्योतो प्रकरण संपलं आणि मांगा, म्हणजे मूळ चित्रकथा, अजून पुढे गेलेली नव्हती म्हणून उरलेले तीसेक भाग यांनी जे काय सुचेल ते दाखवलं. तेही आम्ही निष्ठेने बघितले. परवा परत बघायला घेतली तेव्हा ६२ ला थांबलो आणि कुणाला सांगितलं नाही, इथेच कबूल करतोय. तुम्हाला २६ भागांत ढकलण्यासारखं काय सापडतं देव जाणे.

तो झोंबींचा भाग ढकललात तर मात्र माफ आहे.

काळी_तबकडी

संगीतावर कुणीच बोललं नाही?? मग मीच बोलते, लांबेल, चहा घेऊन बसा.

या सीरिजचं संगीत चौघांनी केलंय: नुजाबेस, फॅट जॉन, त्सुचिए आणि फोर्स ऑफ नेचर. यातला नुजाबेस म्हणजे जुन सेबा, नाव उलटं लिहिलं की नुजाबेस. २०१० च्या फेब्रुवारीत तोक्योत रस्त्यावरच्या अपघातात गेला. आज तुम्ही अभ्यास करताना, कोडिंग करताना ते जे मंद, पावसाळी, डोकं हलवायला लावणारं लो-फाय लावून बसता ना, त्याचा उगम शोधत गेलात तर बहुतेक वेळा याच्या दारात येऊन पोचता.

आता जवळून एकच उदाहरण देते. पहिल्या अल्बमवर, म्हणजे डिपार्चरवर, 'आरुआरियन डान्स' नावाची धून आहे. गिटारचा एक छोटासा तुकडा, तोच फिरून फिरून येतो, खाली ढोल. तो गिटारचा तुकडा लॉरिंदो आल्मेदा या ब्राझिलियन गिटारवाल्याच्या रेकॉर्डवरून उचललेला. आल्मेदा जे वाजवत होता ते एक जुनं अमेरिकन गाणं, 'द लॅम्प इज लो'. आणि त्या अमेरिकन गाण्याची चाल कुठून आली तर रावेल या फ्रेंच संगीतकाराच्या एका पावानमधून, म्हणजे संथ नाचाच्या धूनेमधून! म्हणजे फ्रान्समधून निघालेली चाल अमेरिका, ब्राझील करत तोक्योतल्या एका माणसाच्या सॅम्पलरमध्ये आली आणि तिथून एदो काळातल्या तीन भणंगांच्या पायवाटेवर. चाम्पलू म्हणजे तरी काय, ओकिनावाकडचा शब्द, अर्थ सरमिसळ. नाव उगाच नाही ठेवलेलं. 'सामुराई आणि हिप-हॉप' ऐकलं की लोकांना वाटतं काहीतरी मॉडर्न दिसायला चिकटवलंय, पण सॅम्पलिंग म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून त्याला आपल्या तालात बसवायचं, आणि या सीरिजने जपानी तलवारपटांचं नेमकं तेच केलंय. खिसेकापूची गोष्ट, जुगाराची गोष्ट, बापाच्या खुनाचा सूड, सगळे ओळखीचे तुकडे, ताल नवा.

आणि १४ वा भाग. मुगेनचा भूतकाळ, जुने सोबती, दगाफटका. तो पाण्यात बुडत जातो तेव्हा एक बाई गायला लागते. बीट नाही, रॅप नाही, काही नाही. इकुए आसाझाकी नावाची आमामी बेटांवरची गायिका, गाणं तिथलं पारंपरिक. अख्ख्या सीरिजमध्ये हिप-हॉप वाजवून वाजवून यांनी आपल्याला सवय लावलेली असते आणि नेमकं मुगेन मरायला टेकतो तेव्हा ते सगळं काढून घेतात आणि दक्षिणेच्या बेटांवरचा आवाज लावतात. शब्द एकही कळत नाही. मी तो भाग पहिल्यांदा हेडफोनवर बघितला होता आणि संपल्यावर बराच वेळ हेडफोन काढलेच नाहीत, नुसती शांतता ऐकत बसले.

तर धागाकर्ते, शेवटचे भाग बघा पण लॅपटॉपच्या फुटक्या स्पीकरवर बघू नका, एवढीच विनंती.

स्पष्टवक्ती

सगळे आरती ओवाळतायत तर कुणीतरी काडी टाकायला हवी.

मी गेल्या वर्षी परत बघितली. संगीत मान्य, चित्रं मान्य, पहिला भाग आजही तोडीस तोड. पण फू! सीरिजची खरी नायिका ती, प्रवास तिचा, बाप तिचा, आणि काम काय तर पळवून नेलं जाणं. किती वेळा पळवतात ते मी बोटांवर मोजायला घेतलं आणि एक हात संपल्यावर नाद सोडला. कधी वेश्यागृहात, कधी परदेशी पाठवायच्या टोळीच्या तावडीत, आणि शेवटच्या भागांतसुद्धा, जिथे ती स्वतः ठरवून एकटी बापाकडे निघते, तिथेही तिला धरून ठेवून मुगेनसाठी आमिष बनवतात. बाकीच्या बायका बघा. विकलेली, फसवलेली, मेलेली. २० आणि २१ व्या भागातली सारा, आंधळी, शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारी, भाल्याने जिनला आणि मुगेनला दोघांना भारी पडते, सीरिजमधली सगळ्यात जबरदस्त लढवय्यी. तिचं काय करतात? मुलाच्या नावाखाली मारायला धाडलेली, आणि शेवटी ती स्वतःच मुगेनच्या तलवारीपुढे उभी राहते. कॉलेजात रडले होते. आता रागाने बघितलं.

६ व्या भागातला डच माणूस पुरुषांवर प्रेम करणारा आहे आणि भागातले बरेचसे विनोद त्यावरच. तेव्हा हसलो आपण. आता हसू येतं का बघा.

शेवटाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. चौकात वेगळे होतात त्याने मला काही झालं नाही. पण बापाला शोधत एवढी पोरगी आली, तो मरायला टेकलेला भेटला, तिला काय बोलायचं होतं ते धड बोलून होईपर्यंत कारिया नावाच्या शोगुनच्या मारेकऱ्याने येऊन त्याला कापला. तिचा शेवट तिच्या हातातून काढून घेतला आणि मग अर्धा तास पुरुषांची तलवारबाजी. ती मात्र छान आहे, खोटं कशाला बोलू.

शाईचा_डाग

@स्पष्टवक्ती, पळवापळवीबद्दल बचाव नाही माझ्याकडे, आळशी लिखाण आहे. साराबद्दलही रागात तथ्य आहे. मला तिथे एकच जाणवलं की मुगेनला त्या विजयाचा आनंद होत नाही. ती मुद्दाम हरली हे त्याला कळतं आणि जिंकण्यासाठीच जगणाऱ्या माणसाला तो अपमान वाटतो. पण ही पुन्हा मुगेनचीच गोष्ट झाली, साराची नाही, हेही खरं.

फूबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन. एदो काळात रस्त्याने जायचं तर परवाना लागायचा, हाकोनेसारख्या नाक्यांवर तपासणी, आणि त्यांची खास नजर दोन गोष्टींवर: एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून जाणाऱ्या बायका. कारण सरदारांच्या बायकापोरं शोगुनने एदोत ओलीस ठेवलेली, त्या गुपचूप निघाल्या म्हणजे बंड जवळ आलं. त्याची झळ साध्या बाईलाही बसायची, नाक्यावर तिची तपासणी जास्त कडक. ९ व्या भागात नाक्यावर हे अडकतात आणि मुगेनला मुंडकं घेऊन डोंगर ओलांडायला पळवतात तो भाग आठवा. लोक त्यातला जळणारा गांजा लक्षात ठेवतात, मला परवाना लक्षात राहिला. अशा काळात १५ वर्षांची पोरगी, आई वारलेली, कागद धड नाहीत, आणि ती अख्खा देश ओलांडून नागासाकीकडे निघालीये. दोघं तलवारवाले तिच्यामागे चाललेत, ती त्यांच्यामागे नाही. त्या दोघांना जायला जागाच नव्हती, निघाली होती ती एकटी.

धागाकर्ते, ११ वा भाग तुम्ही ढकललात हे वाचून जीव हळहळला. नवऱ्याच्या कर्जापायी वेश्यागृहात निघालेली शिनो आणि जिन. त्यातलं ते देऊळ कल्पनेतलं नाही, त्या काळी घटस्फोट फक्त नवरा देऊ शकायचा, पण कामाकुराच्या तोकेई-जीसारख्या मठात बाई पोचली आणि दोन-तीन वर्षं राहिली की ती मोकळी. पळत येणाऱ्या बाईने दाराच्या आत नुसती चप्पल भिरकावली तरी ती पोचली असं धरायचे, अशा गोष्टी सांगतात. जिन तिला नावेत बसवून पाठवतो आणि पावसात मागे वळून उभा राहतो, पाठलाग करणाऱ्यांकडे तोंड करून. अख्ख्या सीरिजमध्ये हा माणूस त्याच एका भागात काहीतरी मागतो.

चौकट_फ्रेमवाला

थोडी पडद्यामागची भर. स्टुडिओ मांगलोब, सनराइज हा जुना स्टुडिओ सोडून आलेल्यांनी २००२ ला काढलेला, आणि टीव्हीची ही त्यांची पहिलीच सीरिज. पहिली! २०१५ ला दिवाळखोरीत गेला. पात्रांचं डिझाइन काझुतो नाकाझावाचं, किल बिलमधला तो ॲनिमेवाला तुकडा केलेला माणूस.

फुजी टीव्हीवर १७ भाग झाल्यावर ही बंद पडली, उरलेले ९ भाग २००५ च्या सुरुवातीला बीएस फुजी या उपग्रह वाहिनीवर आले. त्या खंडाचा परिणाम म्हणा किंवा आणखी काही, मला १७ च्या आधीची आणि नंतरची सीरिज वेगळी लागते. नंतरच्या अर्ध्यात टवाळी जास्त वाह्यात होते (झोंबी, बेसबॉल) आणि दुःखही जास्त खोल जातं. टांगती तलवार असली की माणूस दोन्ही टोकं गाठतो.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा पायांकडे बघा. मुगेनच्या खडावांच्या तळाला धातू आहे, तो तलवारीचा वार पायाने अडवतो आणि त्याचा खण्ण आवाज वेगळा काढलाय. जिनचे पाय जवळपास हलत नाहीत. दोघांना काळ्या सावल्या करून टाकलं तरी कोण कुठला ते कळेल. आजकालच्या चकचकीत मारामाऱ्यांत मला हेच सापडत नाही, सगळे एकाच क्लासला गेल्यासारखे लढतात.

उलट्या_धारेचा

+१ पायांना. रच्याकने, मुगेनला आवाज देणारा काझुया नाकाई म्हणजेच वन पीसचा झोरो. मी २६ भाग डोळे मिटून ऐकू शकतो.

अर्धवट_रोनिन

मंडळी, सगळ्यांना दंडवत. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

आधी ११ वा बघितला. शाईकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुम्ही बरोबर होतात. जिन चष्मा सावरतो ना, एरवी ती त्याची सवय वाटते, या भागात नावेकडे बघताना तो चष्म्याला हातही लावत नाही असं मला वाटलं, पाऊस काचांवर तसाच. भास असेल कदाचित. मी दोनदा मागे नेऊन बघितलं आणि तिसऱ्यांदा नेलं नाही.

मग काल रात्री २४, २५, २६ सलग. हेडफोन लावून, तबकडीताईंच्या हुकुमाप्रमाणे.

स्पष्टवक्ती, बापाच्या सीनला तुमची तक्रार डोक्यात होती म्हणून नीट बघितलं. ती त्याला थोबाडीत मारायला आलेली असते. एवढ्या भागांत पहिल्यांदा तिला नेमकं काय हवंय ते कळतं, आणि समोर अंथरुणावर पडलेला म्हातारा. हात उचलायला तो माणूसच शिल्लक नाही. मला ते तिच्या हातातून काढून घेतलं असं नाही वाटलं, मला वाटलं ती उशिरा पोचली, आणि उशिरा पोचण्यात कुणाचाच दोष नसतो म्हणून जास्त लागलं. पण कारियाबद्दल सहमत, त्याने पाच मिनिटं थांबायला हरकत नव्हती.

मुगेन आणि जिन शेवटी समोरासमोर येतात, पहिल्या भागापासून राहिलेलं भांडण मिटवायला, आणि दोघांच्या तलवारी एकाच वेळी मोडतात. कॉलेजात मला हे पळवाट वाटलं होतं, कोण जिंकलं ते सांगायचं नाही म्हणून. आता बघताना वाटलं की मोडल्या नसत्या तरी त्यांनी काहीतरी कारण काढलंच असतं.

आणि चौक. चौकाबद्दल मी इथे जे लिहिलं ते चूक होतं. मला आठवत होतं की ते काही न बोलता तोंडं पाडून निघून जातात. तसं नाहीये. तोंडं पडलेली नाहीतच. काम झालं, निघाले. रुसवा माझा होता, तो मी त्यांच्या चेहऱ्यांवर चिकटवून ठेवला होता इतकी वर्षं.

रूममेटला मेसेज केलाय, पंधरा वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल सॉरी म्हणून. त्याला भांडण आठवतच नाहीये. हार्ड डिस्क आठवते म्हणाला.

काळी_तबकडी

ताई म्हटल्याबद्दल धन्यवाद, हुकूम मानल्याबद्दल जास्त. शेवटच्या भागाला नेहमीचं गाणं नाहीये, मिडिक्रोनिकाचं 'सॅन फ्रान्सिस्को' आहे, ते पूर्ण ऐकलंत ना? की क्रेडिट्स आले म्हणून बंद केलंत?

अर्धवट_रोनिन

काल पूर्ण ऐकलं. आणि तेव्हाच लक्षात आलं की मी हे गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. रूममेटच्या हार्ड डिस्कवर सगळ्या भागांचे क्रेडिट्स कापलेले होते, जागा वाचवायला.